जनावरांच्या पोटावरील शस्त्रक्रिया आणि जिरणारे टाके

गुरांच्या पोटावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रसंग आता खेड्यापाड्यांतही वरचेवर येऊ लागले आहेत. चाऱ्याबरोबर खिळा किंवा तारेचा तुकडा पोटात गेला, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा गोळा कोठीपोटात साचून रवंथ बंद पडले, म्हैस अडली आणि रेडकू नैसर्गिक मार्गाने बाहेर येईना, किंवा वासराच्या बेंबीस अंतर्गळ झाला, म्हणजे पशुवैद्यकास पोट उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तथापि उकिरड्यावरील पिशव्या गुरांच्या पोटात जाण्याचे अद्याप थांबलेले नाही.

वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर जनावर सावरते, चारा खाऊ लागते. दहा ते चौदा दिवसांनी कातडीचे टाके काढले जातात, आणि पुष्कळदा घात होतो तो यानंतर. टाके निघाले म्हणजे पोट भरून आले, अशी मालकाची समजूत होते. पेरणी तोंडावर आलेली असते. बैल औताला जुंपला जातो. काही दिवसांनी भकाळीत एक मऊ फुगवटा दिसू लागतो. कातडी शाबूत असते, परंतु तिच्या आत स्नायूंची शिवण उसवलेली असते.

ही आतली शिवण ज्या दोऱ्याने घातली जाते तो शरीरात हळूहळू जिरून जातो. तो किती दिवस बळ धरतो, ते बळ कसे मोजतात आणि जखमेला स्वतःचे बळ येण्यास किती काळ लागतो, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना व पशुपालकांना असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखक कृषिशास्त्राचा पदवीधर आहे, पशुवैद्यक नव्हे. शस्त्रक्रिया कशी करावी हे सांगण्याचा येथे हेतू नाही. ते काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचेच आहे. परंतु शस्त्रक्रियेनंतरचे दोन-तीन महिने जनावर मालकाच्या गोठ्यात असते, आणि त्या काळातील निर्णय मालकालाच घ्यावे लागतात.

पोट शिवतात ते कोठे

डाव्या भकाळीतून पोट उघडताना प्रथम कातडी छेदली जाते. तिच्याखाली स्नायूंचे तीन थर असतात. प्रत्येक थराचे तंतू निराळ्या दिशेने गेलेले असतात आणि त्यामुळेच ही भिंत फार जाड नसताही चिवट असते. सर्वांत आत पोटाचे पातळ, गुळगुळीत अस्तर असते. काम आटोपल्यावर हे थर आतून बाहेर या क्रमाने शिवीत यावे लागते. कोठीपोट उघडले असेल तर त्याच्या भिंतीला निराळे टाके पडतात. बाहेरून मालकाला दिसतात ते केवळ कातडीचे, बहुधा नायलॉनचे किंवा रेशमाचे टाके. पोटाचा भार मात्र कातडीवर नसून स्नायूंच्या थरांवर असतो. मोठ्या संकरित गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. हा भार, त्यात जनावराचे उठणे-बसणे, खोकणे, शेण टाकताना कुंथणे, आणि क्वचित फुगारी, एवढे सर्व त्या शिवणीने सोसावयाचे असते.

कोणी विचारील की, आतही न जिरणारा पक्का दोरा घालून हा प्रश्न कायमचा का मिटवू नये? काही ठिकाणी तसे करतातही. परंतु आतला दोरा पुन्हा काढता येत नाही. कोठीपोटातील घाण शस्त्रक्रियेच्या वेळी थोडीफार सांडण्याचा संभव असतो. अशा वेळी कायमच्या दोऱ्याच्या आधाराने, विशेषतः तो वेणीसारखा गुंफलेला असल्यास, जंतू दडून बसतात आणि जखमेतून महिनोन्महिने पू झिरपत राहतो. दोरा बाहेर पडेपर्यंत अशी नाडी बुजत नाही. म्हणून काम होईतो टिकावा आणि काम झाल्यावर नाहीसा व्हावा, असा दोरा शल्यवैद्यांनी फार पूर्वीपासून शोधला.

मुंगीपासून ताततेकडे आणि पुढे

सुश्रुतसंहितेत शिवणकामासाठी आपट्याच्या सालीचे तंतू, ताग, केस, गुळवेलीचे तंतू, इतकेच नव्हे तर प्राण्यांच्या शिराही सांगितल्या आहेत. आतडे फाटले असल्यास मोठ्या काळ्या मुंग्यांकडून जखमेच्या कडांना चावा घेववावा, त्यांची धडे तोडून डोकी तशीच ठेवावी आणि आतडे आत सारावे, असाही उपाय तेथे आहे. ती डोकी पुढे पोटातच राहत. बाहेरून काढण्याची गरज नसलेल्या टाक्याची ही कल्पना आपल्या देशात किती जुनी आहे, हे यावरून दिसते.

पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात पुष्कळांनी पाहिली असेल. मेंढीच्या आतड्यापासून केलेली अशीच बारीक तात म्हणजे कॅटगट. नावात मांजर असले तरी मांजराचा तिच्याशी काही संबंध नाही. ही तात शरीरात कशी वागते याची पहिली गाजलेली परीक्षा एका वासरावर झाली. ग्लासगो येथील शल्यचिकित्सेचे अध्यापक जोसेफ लिस्टर यांनी १८६८ च्या अखेरीस कार्बोलिक आम्लात भिजविलेल्या तातेने वासराच्या मानेतील मोठी धमनी बांधली. सुमारे एका महिन्याने वासरू मारून त्यांनी ती जागा उघडून पाहिली. वरवर पाहता गाठी जशाच्या तशा दिसत होत्या. परंतु बारकाईने पाहता मृत तातेची जागा जिवंत ऊतकाने घेतली असल्याचे त्यांना आढळले. १८६९ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

तात फार लवकर मऊ पडते ही अडचण होतीच. कच्चे कातडे पाण्यात कुजते, पण कमावलेले टिकते, हे आपण जाणतो. तेच तत्त्व येथे उपयोगी पडले. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेली तात अधिक दिवस टिकते असे दिसून आले आणि लिस्टर यांनीच १८८१ मध्ये तिचा पुरस्कार केला. हाच क्रोमिक कॅटगट. आपल्याकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांत आजही तो सर्रास वापरला जातो. युरोपात मात्र गुरांच्या मेंदूच्या संसर्गजन्य रोगाच्या भीतीमुळे २००१ च्या सुमारास माणसांवरील शस्त्रक्रियेतून कॅटगट दूर करण्यात आला.

यानंतर कृत्रिम जिरणारे दोरे आले. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा, १९७४ मध्ये पॉलिग्लॅक्टिनचा, आणि १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पॉलिडायॉक्झॅनोनचा दोरा वापरात आला. पहिले दोन गुंफलेले असतात. तिसरा एकतंतू, मासे धरण्याच्या गळाच्या दोरीसारखा गुळगुळीत. तात आणि हे दोरे यांत एक मूलभूत भेद आहे, तो ध्यानात ठेवावा. तात ही प्राणिज प्रथिनांची असल्याने शरीरातील पेशी तिला पचवितात. जखमेत पू झाला की अशा पेशींची तेथे गर्दी होते आणि तात नेहमीपेक्षा लवकर पचते. म्हणजे ज्या जखमेला दोऱ्याची अधिक काळ गरज, तेथेच तात आधी सोडते. कृत्रिम दोरा पचविला जात नाही. शरीरातील पाण्याने त्याचे रेणू हळूहळू सुटत जातात. ही क्रिया बरीचशी ठरावीक गतीने चालते, आणि म्हणून तिचा अंदाज बांधता येतो.

दोऱ्याची परीक्षा

कारखान्यातून निघालेला दोरा तीन-चार प्रकारे तपासला जातो. जाडी अनेक ठिकाणी मोजतात, कारण एका जागी बारीक असलेला दोरा तेथेच तुटणार. सुई व दोरा यांचा सांधा किती ओढ सहन करतो ते पाहतात. दोऱ्याचे नमुने जंतूंना पोषक अशा द्रवात चौदा दिवस ठेवून त्यात काही वाढते की काय याची पाहणी करतात. आणि मुख्य म्हणजे दोऱ्याला गाठ मारून तो यंत्रावर ओढतात.

गाठ मारूनच का, हे समजण्यास एक सोपा प्रयोग आहे. तो गावातील सभेत सहज करून दाखविता येतो. शिवणाचा साधा सुती दोरा घ्यावा. त्याला एक हलकी बादली टांगावी आणि तांब्याने मोजून पाणी ओतावे. दोरा किती पाण्याला तुटतो ते लिहून ठेवावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात बादलीचे वजन मिळवावे. मग त्याच रिळातील दुसरा तुकडा घेऊन मध्यभागी एक गाठ मारावी व पुन्हा तसेच करावे. गाठीचा दोरा बहुधा बऱ्याच कमी वजनाला तुटेल, आणि तुटेल तो गाठीपाशीच. प्रत्येक प्रकारचे पाच-पाच तुकडे घ्यावेत म्हणजे एखाद्या वाईट तुकड्याने फसगत होणार नाही. शिवणीत गाठी असणारच. मग दोऱ्याची किंमत ठरवावयाची ती गाठीसहच.

अमेरिकेच्या औषधकोशातील प्रमाण सांगतो. एक क्रमांकाच्या कृत्रिम जिरणाऱ्या दोऱ्याने गाठीवर सरासरी पाच किलोंची ओढ सोसली पाहिजे; त्याच क्रमांकाच्या तातेला ३.८ किलो पुरतात. वास्तविक एका क्रमांकाची तात कृत्रिम दोऱ्यापेक्षा जाड असते. म्हणजे दवाखान्यात पाकिटावरील क्रमांक सारखा दिसला तरी दोरे सारखे नसतात.

परंतु ही झाली कोऱ्या दोऱ्याची परीक्षा. आपल्याला हवे ते दोऱ्याचे शरीरातील बळ. त्यासाठी दोऱ्याचे तुकडे उंदरांच्या कातडीखाली ठेवून एक, दोन, तीन, चार आठवड्यांनी काढतात व यंत्रावर ओढतात. किंवा शरीराच्या उष्णतेइतक्या कोमट व विशिष्ट क्षारतेच्या द्रवात ठेवून तसेच करतात. साधी तात सात ते दहा दिवसांत निकामी होते. क्रोमिक तातेचे बळ दोन, फार तर तीन आठवडे टिकते. पॉलिग्लॅक्टिनचे बळ दोन आठवड्यांनी सुमारे तीन चतुर्थांश, तीन आठवड्यांनी निम्मे आणि चार आठवड्यांनी एक चतुर्थांश राहते. पोट शिवण्याच्या जाडीचा पॉलिडायॉक्झॅनोनचा दोरा चार आठवड्यांनीही सुमारे सत्तर टक्के आणि सहा आठवड्यांनी साठ टक्के बळ राखतो. तो पूर्ण नाहीसा होण्यास सहा महिने किंवा अधिक काळ लागतो.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. दोरा जिरणे आणि दोऱ्याचे बळ जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्रोमिक तात शरीरातून पूर्ण जाण्यास सुमारे तीन महिने लागतात, असे पाकिटाबरोबरच्या माहितीत वाचून कोणी म्हणेल, मग तीन महिने चिंता नाही. तसे नव्हे. उन्हापावसात कुजलेले दावे खुंट्याला दिसते तसेच दिसते. बैलाने हिसका दिला की कळते. लिस्टरने वासरात पाहिलेली गाठही वरवर जशीच्या तशीच होती.

जखमेची बाजू

आता जखमेकडे वळू. पहिले चार-पाच दिवस स्नायूंच्या शिवणीला स्वतःचे बळ जवळजवळ नसते. सगळा भार दोऱ्यावर असतो. त्यानंतर जखमेत नवे तंतू तयार होऊ लागतात, ते प्रथम विस्कळीत असतात आणि पुढे ओढीच्या दिशेने रांगेत बसतात. कोठीपोट, गर्भाशय यांसारख्या आतल्या अवयवांची भिंत लवकर सांधते. दोन-तीन आठवड्यांत तिला बरेचसे बळ येते. म्हणून तेथे तातेवर भागते. पोटाच्या भिंतीतील चिवट आवरणांची गोष्ट वेगळी. प्रयोगशाळेतील प्राण्यांवरील अभ्यासावरून दिसते की, त्यांचे बळ दोन महिन्यांनी मूळच्या सुमारे निम्मे होते, आणि एक वर्षानेही ते पूर्ववत होत नाही.

हे दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहावे. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस क्रोमिक तातेचे बळ संपलेले असते आणि भिंत अजून कोवळी असते. नेमक्या याच सुमारास कातडीचे टाके काढून आठवडा झालेला असतो, जनावर टवटवीत दिसते आणि मालकाला काम आठवते. पावसाळ्याच्या तोंडी झालेल्या शस्त्रक्रियांच्या बाबतीत हा योग फार घातक ठरतो.

म्हणून तात सर्वथा टाकाऊ आहे असा अर्थ कोणी घेऊ नये. तीत गाठ चांगली बसते, ती स्वस्त आहे, आणि जखम स्वच्छ असून जनावराला पुरेशी विश्रांती मिळाली तर तिच्यावर बांधलेली असंख्य जनावरे बरी झालेली आहेत. एकतंतू कृत्रिम दोऱ्याच्या गाठी सरकतात, म्हणून त्या अधिक संख्येने माराव्या लागतात. चिमट्याने दोरा चेपला तर तेथे तो कमजोर होतो. किंमतही जास्त असते. लेखकाचे मत विचाराल तर, ओढकाम करणारा बैल आणि गाभण राहून पुन्हा पोट वाढणार अशी म्हैस यांच्या स्नायूंच्या थरासाठी सावकाश जिरणाऱ्या दोऱ्याचा वाढीव खर्च मालकाने आनंदाने सोसावा. बैलजोडीतील एक बैल गमावण्याच्या मानाने तो काहीच नाही.

वाफ्यांप्रमाणेच रुग्णांवरील चाचण्या

बियाण्याच्या दोन जातींची तुलना करताना आपण एका जातीला विहिरीजवळचे वाफे आणि दुसरीला माळावरचे वाफे देत नाही. चिठ्ठ्या टाकून वाफे वाटतो, प्रत्येक जातीचे अनेक वाफे घेतो आणि मग सरासरी पाहतो. दोऱ्यांची अखेरची परीक्षाही अशीच होते. माणसांच्या शस्त्रक्रियेत अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर झाल्या असून त्यांतील काही येथे सांगण्याजोग्या आहेत.

जर्मनीत केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या ६२५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले होते. एका गटात लवकर जिरणाऱ्या पॉलिग्लॅक्टिनचे सुटे टाके, दुसऱ्या दोन गटांत सावकाश जिरणाऱ्या दोन निरनिराळ्या दोऱ्यांची अखंड शिवण. वर्षानंतर जखमेच्या जागी अंतर्गळ झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे १५.९, ८.४ आणि १२.५ टक्के आढळले. आकडे पाहून कोणीही दुसऱ्या दोऱ्याला पारितोषिक देईल. परंतु गणिताने तपासता एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो असे निघाले, आणि त्या शल्यवैद्यांनी तसे प्रामाणिकपणे लिहिले. एका हंगामातील तीन वाफ्यांवरून वाण निवडणाऱ्यांनी हा संयम शिकण्यासारखा आहे. पुढे २०१० मध्ये अशा अनेक चाचण्यांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा मात्र सावकाश जिरणाऱ्या दोऱ्याने घातलेली अखंड शिवण सरस ठरली. ही गोष्ट आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांपुरती आहे, तातडीच्या नव्हे.

दुसरी चाचणी नेदरलँड्समधील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली. तीत ५६० रुग्ण होते. दोरा दोन्ही गटांत एकाच पदार्थाचा, सावकाश जिरणारा. एका गटात कडेपासून एक सेंटिमीटर आत व एकेक सेंटिमीटरवर टाके. दुसऱ्यात बारीक दोरा व बारीक सुईने अर्धा सेंटिमीटर आत व अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर. वर्षाने पहिल्या गटात २१ टक्क्यांना, तर दुसऱ्यात १३ टक्क्यांना अंतर्गळ झाला. म्हणजे दोऱ्याच्या जातीइतकेच महत्त्व शिवणीच्या पद्धतीला आहे. अर्थात हे आकडे माणसांचे, आणि पोटाच्या मधल्या रेषेवरील जखमांचे आहेत. चार पायांवर उभ्या राहणाऱ्या, दहापट आकाराचे पोट वागविणाऱ्या जनावराच्या भकाळीला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. गुरांसाठी किती अंतरावर टाका घालावा हे पशुवैद्यक ठरवील.

शिवणीच्या पद्धतीबाबत आणखी एक शोध असा. १९७६ मध्ये जेन्किन्स या इंग्रज शल्यवैद्याने दाखवून दिले की, पोट फुगले म्हणजे जखमेची लांबी वाढते, आणि दोरा आखूड पडला तर तो मांसात रुतून ते कापीत जातो. म्हणून जखमेच्या लांबीच्या निदान चौपट दोरा शिवणीत गेला पाहिजे. दाभणाने पोते शिवणाऱ्याला यातील अर्धी गोष्ट ठाऊकच असते: कडेला लागून टाका घातला तर गोणपाट फाटते, दूर दूर घातला तर दाणे गळतात. उरलेली अर्धी गोष्ट पोत्यात नसते. गोणपाट करकचून आवळले तरी चालते; जिवंत मांस आवळले तर त्याचा रक्तपुरवठा थांबतो व टाक्याखालचा भाग मरतो. पुष्कळदा दोरा तुटतच नाही. मांस तुटते आणि दोष दोऱ्याला येतो.

गोठ्यातील काळजी

शस्त्रक्रियेनंतर जनावर कोरड्या, न घसरणाऱ्या जागी एकटे बांधावे. पाय घसरून पडणे आणि दुसऱ्या जनावराची धडक या दोन गोष्टी शिवणीस सर्वांत वाईट. चारा पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे थोडा थोडा द्यावा. ओला लसूणघास किंवा बरसीम भरपूर घालून फुगारी आणू नये. जेन्किन्सचा हिशेब येथे गोठ्यात लागू पडतो. मात्र उपाशीही ठेवू नये. नवे तंतू प्रथिनांपासूनच बनतात, तेव्हा पेंड व खनिज मिश्रण यांत हात आखडता घेऊ नये.

चौथ्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान टाक्यांमधून फिकट तांबूस, पाण्यासारखा स्राव एकाएकी झिरपू लागला तर आतली शिवण सुटत असल्याची ती सूचना समजावी, कातडी कितीही चांगली दिसो. त्याच दिवशी पशुवैद्यकास कळवावे. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आतडे बाहेर आलेच तर ते हाताने आत ढकलू नये. एक लिटर पाणी उकळून थंड करावे, त्यात सुमारे दीड लहान चमचा मीठ विरघळवावे, त्यात स्वच्छ धुतलेले धोतर किंवा चादर भिजवून आतड्यांवर ठेवावी आणि रुंद कापडाने पोटाभोवती आधार बांधून पशुवैद्यक येईपर्यंत जनावर शांत उभे ठेवावे.

काही आठवड्यांनी येणारा फुगवटा निराळा. तो मऊ असतो, दाबल्यास आत जातो, हात काढल्यास पुन्हा येतो. त्याला गळू समजून चिरणे किंवा डाग देणे म्हणजे जनावराच्या आतड्यावरच शस्त्र चालविणे होय. भकाळीतील कोणत्याही फुगवट्यास पशुवैद्यकाने पाहिल्यावाचून कोणीही सुरी किंवा तापलेली सळई लावू नये. गावात हे काम करणारे एखादे जाणते गृहस्थ असतात. त्यांना कार्यकर्त्याने आधीच भेटून ही गोष्ट समजावून सांगावी, प्रसंग आल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

बैलाला औताला कधी जुंपावे? दोन महिन्यांपर्यंत मुळीच नाही. त्यानंतर पशुवैद्यकास दाखवून प्रथम मोकळी बैलगाडी, मग हलके काम, आणि नांगरट त्या हंगामात टाळलेली बरी. त्या काळापुरता शेजाऱ्याशी सावड करावी किंवा ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा. म्हशीला पुन्हा केव्हा भरवावे, हेही पशुवैद्यकास विचारूनच ठरवावे.

पाकिटाविषयी

दोरा बाहेरून आणून देण्याची पाळी मालकावर किंवा कार्यकर्त्यावर पुष्कळदा येते. चिठ्ठीवर लिहिलेलेच नाव, क्रमांक व सुईचा प्रकार आणावा. दुकानदाराने 'हेही चालेल' म्हणून दिलेला दोरा घेण्यापूर्वी पशुवैद्यकास विचारावे. पाकिटावरील मुदत पाहावी. कृत्रिम दोऱ्याचे पाकीट कोठेही फुटलेले किंवा दमट नसावे. शरीरातील पाण्याने जो दोरा विरतो, तो हवेतील ओलाव्यानेही विरू लागतो, म्हणूनच त्याला ओल न शिरणारे वेष्टन असते. पाकिटे एप्रिल-मेच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत दिवसभर ठेवू नयेत. उघडलेल्या पाकिटातील उरलेला दोरा पुढच्या जनावरासाठी राखून ठेवू नये, आणि उकळून तर मुळीच घेऊ नये. उकळल्याने तात आकसून निरुपयोगी होते आणि कृत्रिम दोऱ्याचे बळ जाते. तात किरणोत्सर्गानेही निर्जंतुक करता येते. तुर्भे येथे १९७४ पासून वैद्यकीय वस्तूंसाठी तशी सोय आहे. परंतु पॉलिग्लॅक्टिनसारखे दोरे त्या किरणांनी कमजोर होतात म्हणून ते एका विशिष्ट वायूने निर्जंतुक केले जातात. कारखान्यात जेथे एवढी निवड करावी लागते, तेथे घरच्या पातेल्याचा उपयोग नाही.

शेवटी नोंदीविषयी. ज्या गावात वर्षाकाठी पाच-सहा जनावरांच्या पोटावर शस्त्रक्रिया होतात, तेथील कार्यकर्त्याने एक साधी वही ठेवावी. जनावराचा कानातील बिल्ल्याचा क्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख व कारण, स्नायूंच्या थरास वापरलेला दोरा व त्याचा क्रमांक (हा पशुवैद्यकाकडून विचारून घ्यावा), कातडीचे टाके काढल्याची तारीख, जनावर कामाला लावल्याची तारीख. मग एक महिना, तीन महिने आणि एक वर्ष पूर्ण होताच गोठ्यावर जाऊन भकाळी पाहावी, जनावर उभे असताना हाताने चाचपावी, आणि फुगवटा आहे किंवा नाही एवढेच लिहावे. वर्षाची भेट चुकवू नये, कारण अंतर्गळ पुष्कळदा सावकाश येतो आणि तोपर्यंत सर्वांना शस्त्रक्रियेचा विसर पडलेला असतो. जनावर विकले गेले असेल तर तसे लिहावे, रकाना कोरा सोडू नये. वहीची एक प्रत दरवर्षी मार्चअखेर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी.